सांगून जाते, वन्सं

माझा जन्म मुळशी धरणाच्या पलीकडच्या अंगाला झाला, पाण्याच्या कडेला बारा-तेरा घरांची वाडी होती तितं, वडील भात लावायचे, वर डोंगराला नाचणी लावायचे, आणि आमी पाच भावंडं, त्यात मी मधली, मधल्याला कुणी काय विचारत न्हाई म्हणून मला बोलायची सवयच लागली न्हाई. चौथीपर्यंत शाळा वाडीतच होती, पाचवीला होडीनं पलीकडं जायचं तर वडील म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं पुरे झालं. अक्षर मात्र माझं बरं हाय. पण चार माणसं बसली की जीभ टाळ्याला चिकटते, आजही चिकटते. लग्नात नाव घ्यायला लावलं तर मी उखाणा पाठ असून रडले, आणि सगळे म्हणाले, पोर माहेरासाठी रडतीय. माहेरासाठी कुटं, मला त्या उखाण्यानं रडवलं होतं.

हे जे सांगतेय ते मी गावात कुणाला सांगितलेलं न्हाई, वहीत लिहून ठेवलंय फक्त. तुमी आमच्या खोलीत भाड्यानं आलात त्याला सहा महिने झाले, ताई, तुमी लातूरकडच्या, नवरा-बायको दोघं त्या कॉम्प्युटरच्या कामाला, मी तुमच्याशी पाणी आलं आणि कचरागाडी आली याच्यापलीकडं बोलले न्हाई. पण काल मी बघितलं. तुमी तुमच्या मनूला टीव्हीसमोर बसवलं, हातात बिस्कीट दिलं, सांभाळणाऱ्या बाईला डोळ्यानं खुणावलं आणि चपला हातात घेऊन मागच्या दारानं गेलात. पोरगी वळून बघते तर आई न्हाई. मग तिनं काय केलं ते तुमाला ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाय, ती पहिल्यांदा रडली न्हाई, पहिल्यांदा तिनं पलंगाखाली बघितलं. म्हणून सांगते. लिहून घ्या न्हाईतर नुसतं ऐका, पण मधी बोलू नका, मधी बोललं की मी गप होते.

मला दिली भुकूमला. तवा हितं ही मोठी मोठी बिल्डिंग काय न्हवती, रस्त्याच्या खाली भातखाचरं आणि वर डोंगर, आणि आमचं घर गावठाणात. नवरा गरीब स्वभावाचा, गरीब म्हणजे आईनं बस म्हटलं की बसायचा. सासू कडक. आणि नणंद, कौसल्या, नवऱ्याहून थोरली, उरवड्याला दिलेली. वन्सं म्हणायचे मी तिला, अजून वन्संच म्हणते. दिसायला उंच, आवाज असा की खाचराच्या ह्या बांधावरून त्या बांधाला हाक गेली पाहिजे, आणि लग्नाला आठ वर्षं झाली तरी पोटी काय न्हाई. लोक बोलायचे, खोटं कशाला सांगू, मलाही तिचं वाईट वाटायचं. हळदीकुंकवाला तिला कुणी मूल मांडीवर देत न्हवतं, ते मी बघितलंय. ते सांगते कारण पुढचं ऐकून तुमी म्हणाल ह्या यमुनेला, म्हणजे मला, काळीजच न्हवतं.

मला दिगंबर झाला. दिगू. अडीच वर्षांचा होईपर्यंत तो माझ्या अंगावर पीत होता, कडेवरून खाली उतरत न्हवता, पण सगळी पोरं तशीच असतात, मी धुणं धुवायला गेले तर ओट्यावर बसून वाट बघायचा आणि आले की टाळ्या वाजवायचा. तवा कुणीतरी, देवऋषी म्हणा, म्हातारी म्हणा, वन्संना सांगितलं की दुसऱ्याचं पोर घरात आणून खेळवलं, त्याला स्वतःच्या हातानं जेवू घातलं, म्हणजे कूस उघडते. त्याच्या पावलानं तुझ्या घरात पाऊल येईल. आमच्याकडं हे असं करायचे लोक, चार दिवस, आठ दिवस, बहिणीचं पोर न्यायचे, भावाचं न्यायचे. पण सांगून न्यायचे.

आषाढातली गोष्ट. लावणी चालली होती, मी सकाळपासून चिखलात वाकलेली, दिगू घरी सासूपाशी. दुपारी घरी आले, अंगावरचा चिखल पण धुतला न्हवता, दूध भरून आलं होतं म्हणून आधी हाक मारली, दिगू, ये. आलाच न्हाई. मी गोठ्यात बघितलं, मागं परसात बघितलं, विहिरीवर पळत गेले, विहिरीत वाकून बघितलं, काय सांगू तुमाला, त्या पाण्यात मला माझंच तोंड दिसलं तर मी किंचाळले. घरी आले तर सासू शांत तांदूळ निवडत बसलेली. म्हणाली, बोंबलू नको, कौसानं नेलाय त्याला, मोटारसायकलवर बसून गेला हसत हसत, आई आत्ता येते म्हटलं की गप बसला बघ. मी म्हटलं, मला सांगितलं का न्हाई. सासू म्हणाली, सांगितलं असतं तर तू रडली असतीस, तुझं बघून पोर रडलं असतं, पोराला नेताना नजर चुकवून न्यावं, त्यालाही बरं आणि आईलाही बरं.

त्यालाही बरं आणि आईलाही बरं. हे वाक्य मी वहीत किती वेळा लिहिलंय ते तुमाला दाखवीन.

दूध चार दिवस वाहत होतं. सासूनं मोगऱ्याची फुलं आणून दिली, म्हणाली, छातीला बांध, आटेल. बांधली. आटलं. तवापासून मोगऱ्याचा गजरा मी डोक्यात घातलेला न्हाई, नवरा हौसेनं आणायचा पहिल्यांदा, मग त्यानं पण सोडलं.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना झाला. मी नवऱ्याला म्हणायचे, चला घेऊन येऊ, तो म्हणायचा, अक्काचा संसार मांडायचाय, थोडं थांब. गौरीच्या सणाला मला उरवड्याला नेलं, पोर दाखवतो म्हणून नेलं, आणि वन्सं दारातच आडव्या आल्या, म्हणाल्या, यमे, तोंड दाखवू नको हां, आता कुटं रुळलाय, तुला बघून परत सुरू होईल, तू गोठ्यातून बघ. मला गोठ्यात उभी केली. कुडाच्या फटीतून मी माझं पोर बघितलं. अंगणात बसला होता, पुढ्यात खेळणं होतं, खेळत न्हवता. फाटकाकडं तोंड करून बसला होता. मोटारसायकलचा आवाज आला की मान वर करायचा, गाडी गेली की मान खाली. रडत न्हवता. वन्सं मागून कुजबुजल्या, बघ, कसा शहाणा झालाय, रडतबिडत न्हाई. मी हाक मारायला हवी होती. एक हाक. माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी माझ्या पोराला हाक मारली न्हाई, शेण तुडवत मागच्या मागं निघून आले, आणि ह्याची शिक्षा मी वन्संच्या नावावर मांडून ठेवली, माझ्या नावावर न्हाई, कारण माझ्या नावावर मांडली असती तर मी जगले नसते.

शिमग्याच्या आधी पोर परत आलं. कूस काय उघडली न्हाई, आणि पोर खाईना, वाळून काडी झालं, तवा त्यांना भीती वाटली की आपल्या घरी काय झालं तर नाव येईल. वन्संनी आणून ओट्यावर ठेवला, उसनं नेलेलं पातेलं परत ठेवावं तसा, आणि चहा पिऊन गेल्या. दिगू दोन दिवस माझ्याकडं आला न्हाई. मी जवळ गेले की भिंतीकडं तोंड करायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसलेली, मागून आला, माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं, आणि ते त्यानं सोडलंच न्हाई. खरं सांगते, तीस वर्षं सोडलं न्हाई.

मी परसाकडं गेले तर बाहेर उभा. बोलताना अडखळायला लागला. अंथरूण ओलं करायचा, आठ वर्षांचा होईपर्यंत. शाळेत घातला तर शाळेच्या खिडकीखाली मी बसायचे, डोकं दिसलं पाहिजे अशी, गुरुजी पहिल्यांदा रागावले, मग त्यांनी सतरंजी दिली. चार वर्षं बसले. गावात म्हणायचे, यमुनेची चौथी दोनदा झाली. हसा, मी पण हसते. दहावीच्या परीक्षेला पिरंगुटला फाटकाबाहेर उन्हात उभी राहिले, कारण तो दर अर्ध्या तासाला खिडकीतून बघणार हे ठरलेलं. मोठा झाला, मिशी आली, आणि पोरं त्याला शेपूट म्हणायला लागली. उरवड्याच्या कारखान्यात तीनदा लागला, तीनदा सोडलं. छातीत धडधडतं म्हणायचा, आईला काहीतरी झालंय असं वाटतं, गाडीखाली आली असेल, विहिरीत पडली असेल, फोन करायचा, दिवसात तीस-तीस फोन, साहेब म्हणाला, बाबा तू घरीच जा. सोयरीक जमली होती एक, पौडच्या अंगाची, मुलगी चांगली होती, सुपारी फुटायच्या आधी तिच्या भावानं भर बैठकीत विचारलं, पोरगी पोराला द्यायची का पोराच्या आईला. सगळी बैठक हसली. दिगू खाली मान घालून बसला. आणि वन्सं, त्या बैठकीत मानाच्या पाटावर बसलेल्या वन्सं म्हणाल्या, यमुनेनंच लाडावून ठेवलाय त्याला.

मी तवाही काय बोलले न्हाई. पण माझं चालू होतं. भाऊबीजेला आल्या की तव्यावरची पहिली, करपलेली भाकरी त्यांच्या ताटात. चहात साखर कमी, आणि विचारलं तर म्हणायचं, संपलीय. लुगडं घ्यायचं ते हिरवट मातकट रंगाचं, जो रंग त्यांना अजिबात आवडत न्हाई, दरवर्षी तोच रंग, दुकानदार पण ओळखून होता. मुंगीचं चावणं होतं ते. मला त्याच्यानं काय समाधान न्हवतं, पण मुंगी तरी दुसरं काय करणार.

नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. मागल्या साली आशाताई घरी आल्या, गोळ्या वाटायला, त्यांनी दिगूला दारात उभं बघितलं, मी शेजारी गेले होते तर तो उंबऱ्यावर घामानं निथळत उभा. त्या म्हणाल्या, काकू, हा आजार असतो, ह्याला औषध हाय, पौडला महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टरीण बाई येतात. मी म्हटलं, तो वेडा न्हाई. त्या म्हणाल्या, वेडा कोण म्हणतंय, जीव अडकलाय त्याचा.

डॉक्टरीण बाई माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. तिनं सगळं ऐकलं. मी सांगितलं म्हणजे काय, अर्धं दिगूनं सांगितलं, अर्धं मी चिठ्ठीवर लिहून दिलं. मग ती म्हणाली, लहान पोराला आई दिसेनाशी झाली की भीती वाटणं हे चांगलंच असतं, त्यातनंच ते शिकतं की गेलेलं माणूस परत येतं. पण गेलेलं माणूस जर न सांगता गेलं, तर पोर दुसरंच शिकतं. ते शिकतं की नजर हटली की माणूस जातं. मग ते नजर हटवत न्हाई. मी विचारलं, पण तिकडं तर तो रडायचा थांबला होता, रुळला म्हणत होते. ती म्हणाली, मावशी, रुळलेलं पोर खेळतं. नुसतं रडायचं थांबलेलं पोर वाट बघून दमलेलं असतं.

काय सांगू तुमाला, मी खुर्चीची कड धरली.

मग तिनं दिगूला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं, आणि दोन मिनिटांनी मला म्हणाली, आता तुमचा जीव कुठं आहे. मी म्हटलं, दाराबाहेर. ती हसली, म्हणाली, मग पेशंट दोन आहेत. मला राग आला तिचा. पण खरं होतं, तो फोन करायचा तवा मी पहिल्या घंटीला उचलायचे, फोन कमरेला बांधून भात काढायचे, त्याची भीती मी माझ्या हातानं भरवत होते.

तिनं एक गोळी लिहून दिली, म्हणाली, गोळी म्हणजे काठी, चालायचं पायानंच. आणि रीत सांगितली. पहिल्यांदा दहा मिनिटं. मी सांगायचं, दिगू, मी सव्वादहाला जाते, साडेदहाला पाच कमी असताना येते, आणि तोंडासमोरून, पुढच्या दारानं जायचं, पुन्हा पुन्हा वळून बघायचं न्हाई, रडवेलं तोंड करायचं न्हाई. सांगितलेल्या वेळेला यायचं, आधी न्हाई, नंतर न्हाई. त्यानं फोन करायचा न्हाई, भीती आली की बसून राहायचं, ताम्हिणीच्या घाटासारखी चढते ती, वाटतं चढतच राहील, पण माथ्यावर गेली की उतरते, मधेच गाडी वळवली की माथा कधी दिसत न्हाई. रोज वहीत लिहायचं किती मिनिटं आणि भीती दहात किती. ही ती वही. दहा मिनिटांचे वीस, मग तास, मग तो एकटा पिरंगुटला जाऊन आला, मग उरवड्याच्या रस्त्याला फाट्यापर्यंत. त्या रस्त्याला त्याचे पाय थरथरायचे, त्याला आठवत काय न्हाई म्हणतो, पण पायांना आठवायचं. आठव्या महिन्यात कारखान्याचा साहेब म्हणाला, पॅकिंगला ये, बघू.

आणि त्याच्याच आधी पंधरा दिवस, वन्सं आल्या.

आल्या म्हणजे टाकल्या. नवरा मेलेला, पोटी कुणी न्हाई, दिराच्या पोरांनी जमीन बिल्डरला दिली, बंगला बांधला, बंगल्यात म्हातारीला खोली काय निघाली न्हाई. एक दिवस गाडीतनं आणलं, म्हणाले, काकीला चार दिवस ठेवा, आमी देवाला जाऊन येतो. वन्सं हातपाय धुवायला न्हाणीत गेल्या आणि ती पोरं गाडी चालू करून गेली. वन्सं ओल्या पायांनी अंगणात आल्या. म्हणाल्या, गाडी कुटंय.

ताई, मी देवळात जाते, उपास करते, पण त्या दिवशी मला जेवढं गार वाटलं तेवढं कुटल्या देवानं केलं न्हाई. मी म्हटलं, येतील की आत्ता. मुद्दाम म्हटलं. लोक म्हणाले, यमुना मोठ्या मनाची, नणंदेला ठेवून घेतलं. मोठं मन कुटलं, मला ती हाताशी हवी होती.

आणि बघा, आठ दिवसांत तिचं तसंच झालं. मी दिसले न्हाई की, यमे, यमे. न्हाणीत गेले तर दारावर थाप. पदर धरून मागं मागं, दोन अंगुळं उंच बाई माझ्याहून, खांदे पाडून माझ्या मागं फिरायची. दिगू म्हणाला, आई, आत्याला पण माझ्यासारखंच झालंय, म्हाताऱ्या माणसाला पण होतं का. मी म्हटलं, होऊ दे की.

दिगूचा कामाचा पहिला दिवस. सकाळी साडेसहाला कंपनीची गाडी, संध्याकाळी पावणेपाचला परत. डॉक्टरीण बाईंनी ठरवून दिलं होतं, पहिला आठवडा आईनं थांब्यावर दिसायचं, दुसऱ्या आठवड्यात दारात, मग घरात आपल्या कामात. पावणेपाच म्हणजे पावणेपाच, थांब्याच्या बाकावर, मी. तो गेला. दिवसात एक फोन न्हाई. मी घरात उभी राहून रडले, आनंदानं.

साडेचारला मी थांब्यावर गेले, वन्सं अर्थातच पदराला. दोघी बाकावर बसलो. समोर रोपांची नर्सरी हाय, कुंड्या, शोभेची झाडं, बंगलेवाले नेतात ती. वन्सं म्हणाल्या, यमे, तू माझ्याजवळनं उठू नकोस हां. आणि माझ्या मनात आलं. वेळ होती पंधरा मिनिटं. माझ्या मनात आलं की तीस वर्षांत ही वेळ एकदाच आली. मी म्हटलं, वन्सं, तुमी बसा, मी आत्ता येते. त्यांनीच वापरलेले शब्द. आई आत्ता येते. त्या दुसरीकडं बघेपर्यंत थांबले, मागनं एक ट्रक गेला तिकडं त्यांची नजर वळली, आणि मी रस्ता ओलांडून नर्सरीत, झाडांच्या मागं.

बघत होते. खोटं सांगणार न्हाई, गोड लागलं. पहिल्यांदा त्यांनी बाकाखाली बघितलं. मग उठल्या, चार पावलं हिकडं, चार पावलं तिकडं. एका पोरीला विचारलं, माझी भावजय दिसली का. पोरगी कानात गाणी घालून निघून गेली. मग त्या बसल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारायच्या, सोडायच्या, मारायच्या, सोडायच्या. मी मनात म्हणत होते, अजून बघ. फाटकाकडं बघ. मोटारसायकलचा आवाज ऐक.

गाडी पाच मिनिटं आधी आली. रस्ता मोकळा होता त्या दिवशी, दुसरं काय. दिगू उतरला, डबा हातात, आणि काय तोंड होतं त्याचं, पोरानं किल्ला जिंकावा तसं. बाकाकडं बघितलं. आई न्हाई. आत्या हाय. आत्यानं त्याचा हात धरला आणि त्या मोठ्या आवाजात ओरडली, दिगू, तुझी आई गेली रे, मला टाकून गेली, आत्ता येते म्हणाली आणि गेली.

मी रस्ता ओलांडायला पळाले तर मधी गाड्याच गाड्या, भूगावकडनं येणारी रांगच्या रांग. पलीकडं माझं तीस वर्षांवरचं पोर धुळीत बसलं होतं, श्वास लागत न्हवता, डबा उघडून भाजीचं तेल सांडलेलं. माणसं गोळा झाली, कुणी म्हणालं, पिलाय का, कुणी म्हणालं, संध्याकाळी पाचलाच. मी पोचले, त्याला धरलं, म्हटलं, दिगू, मी हितंच हाय, हितंच होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी ज्या झाडांतून आले तिकडं बघितलं. म्हणाला, आई, तू लपली होतीस का.

मी धुळीतला डबा उचलून पदरात घेतला.

अकरा दिवस तो घराबाहेर गेला न्हाई. पुन्हा पदर मुठीत. वहीत मी दहात दहा लिहीत होते. पौडला गेलो, तिघंपण, कारण वन्संना मागं ठेवता येत न्हवतं. डॉक्टरीण बाईनं वही बघितली, म्हणाली, त्या दिवशी काय झालं. आणि मी बोलले. चिठ्ठी न्हाई, तोंडानं बोलले, आषाढापासून गोठ्यापर्यंत, आणि बैठकीपासून नर्सरीपर्यंत, सगळं, वन्संच्या तोंडावर, दिगूच्या समोर. दिगूला लहानपणी आत्याकडं होता एवढंच ठाऊक होतं, बाकी सगळं त्यानं पहिल्यांदा ऐकलं, आमच्या घरात सांगून काय करायची पद्धतच न्हाई. वाटलं, आता वन्सं पाया पडतील. वन्संनी ताठ मान केली आणि विचारलं, यमे, सांगून मागितला असता तर दिला असतास का. मी म्हटलं, न्हाई. त्या म्हणाल्या, मग. एवढंच. मग. त्या एका शब्दासाठी मी त्यांना कधी माफ करणार न्हाई, आणि खोटं कशाला, त्या एका शब्दाला माझ्यापाशी उत्तर पण न्हाई.

डॉक्टरीण बाई दिगूला म्हणाली, घसरलास, पण पायऱ्या त्याच आहेत आणि तुझ्या ओळखीच्या आहेत. मग वन्संकडं बघून म्हणाली, ह्यांनाही तीच रीत लागू करा. त्यांनाही सांगून जायचं, सांगितलेल्या वेळेला यायचं.

दिगू दहा मिनिटांपासून परत चढला, ह्या वेळेला लवकर चढला. एका सकाळी मी भाकरी थापत होते तर ऐकू आलं, तो वन्संना सांगत होता, आत्या, मी साडेसहाला जातो, पावणेपाचला येतो, घड्याळात छोटा काटा हितं आला की ये दारात. न अडखळता. माझा पोरगा, जिनं त्याला पळवलं तिला परत येण्याची वेळ सांगत होता. माझ्या अंगाची आग झाली. आणि तो गेला, आणि त्या दिवसापासून रोज जातोय, ताई, पाच महिने झाले. थांब्यावर मी जात न्हाई, दारात पण न्हाई. घरी आला की म्हणतो, आई, चहा, आणि मी वळून पण बघत न्हाई, आपलं काम चालू ठेवते, तसं करायला मला लई जोर लागतो.

मी मात्र वन्संना माफ केलेलं न्हाई. दळणाला जायचं असेल, भाजीला जायचं असेल, महिला मंडळात जायचं असेल, मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहते, डोळ्यात बघते, आणि सांगते, वन्सं, मी आता जाते, अकराला येते. त्यांचं तोंड पांढरं पडतं. हात जोडतात, म्हणतात, यमे, सांगू नको गं, सांगितलं की जीव धसकतो, माझी पाठ असताना गुपचूप जात जा, तुझ्या पाया पडते. मी म्हणते, न्हाई वन्सं, न सांगता जायचं पाप तुमच्या भावाच्या घरात एकदा झालं तेवढं पुरे. आणि पुढच्या दारानं जाते. आणि अकराला म्हणजे अकराला येते, उंबऱ्यात उभी राहून म्हणते, बघा, आले. दरवेळेला त्यांना बघावं लागतं की परत येणारं माणूस कसं दिसतं.

डॉक्टरीण बाई म्हणते, मावशी, तुमच्यासारखं पथ्य पाळणारं माणूस मी बघितलं न्हाई, तुमच्या नणंद आता न्हाणीच्या दारावर थाप मारत न्हाईत, रात्री झोपतात. मी मान हलवते. सुधारणा होतीय त्यांच्यात, ते मला दिसतंय, आणि त्याला माझा इलाज न्हाई. तरी पण रोज सकाळी दिवा लावताना मी त्यांच्यासाठी हात जोडते, खरंच जोडते. देव त्यांना लई आयुष्य देवो, शंभर वर्षं देवो. मला घराबाहेरची कामं लई हायेत.